चेन सॉ: मशीन अंगावर का येतं?

निफाडहून एक द्राक्ष बागायतदार विचारतात: जुनी बाग काढतोय. मांडवाच्या तारा तशाच ठेवून खोडं कापत होतो, तर एकदा मशीन झटक्यात तोंडाकडे आलं. मशीनमध्येच काही दोष असेल का?

मशीन बरोबर आहे, जागा चुकली. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, वरचा पाव भाग कशाला टेकला, की साखळीचे दात तिथे रुततात आणि इंजिनाचा सगळा जोर पट्टीला वर आणि मागे, म्हणजे थेट तुमच्याकडे भिरकावतो. भरात असलेली साखळी सेकंदाला वीसेक मीटर धावते. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. द्राक्षबागेत तर हे व्हायचंच, कारण तुमचं लक्ष समोरच्या खोडावर असतं आणि नाक पलीकडच्या ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला), मांडवाच्या लोखंडी अँगलला किंवा तारेला लागतं.

म्हणून आधी तारा काढा. खोडात रुतलेली तार राहिलीच, तर तिथे करवत चालवा. खरं सांगायचं तर मनगटाएवढ्या खोडांना चेन सॉ कशाला? तो मांडवाभोवतीच्या सुरू-निलगिरीसाठी ठेवा.

मशीन धरताना डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळलेला हवा. कोपर ताठ ठेवा आणि पट्टीच्या रेषेत उभं न राहता जरा डावीकडे राहा, म्हणजे उसळलं तरी ते डोक्याच्या बाजूने जाईल. मुठीपुढची ढाल म्हणजे चेन ब्रेक. रोज सकाळी साखळी फिरती ठेवून ढाल पुढे ढकलून बघा. साखळी जागच्या जागी थांबली नाही, तर त्या दिवशी काम बंद. ढाल आड येते म्हणून काढून टाकणारे मी पाहिलेत. त्यांना मशीन द्यायला माझा हात होत नाही.

दिंडोरीहून: नवीन मशीन दोन महिन्यांतच जड चालतं, भुसा पिठासारखा पडतो आणि लाकडातून धूर निघतो.

धार गेली. धारेची साखळी लाकडाचे कपचे काढते, बोथट साखळी पीठ पाडते. मग माणूस जोर देतो, आणि अपघात जोरातूनच होतात. साखळीच्या मापाची गोल कानस घ्या, प्रत्येक दाताला सारखेच फटके द्या, फक्त पुढच्या दिशेने. बाभळीचं लाकूड असेल, तर दर टाकीला एकदा. साखळीचं तेल वेगळं आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी तेल वेगळं. दुसऱ्याचं प्रमाण पुस्तिकेत पाहा; 1:50 असेल, तर एका लिटरला 20 मिली.

इगतपुरीहून: पावसात उन्मळून पडलेलं झाड कापताना पट्टी अडकते. कुठून कापावं?

लाकूड कुठे दबलंय आणि कुठे ताणलंय ते आधी बघा. दोन्ही टोकांना टेकलेला बुंधा वरून दबलेला असतो. वरून तिसरा हिस्सा कापा, उरलेलं खालून. एका टोकाला लटकलेला असेल, तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. डोंगरउतारावर नेहमी वरच्या बाजूला उभे राहा. आणि मुळासकट उपटलेल्या झाडाच्या खड्ड्यात कोणालाही, विशेषतः पोरांना, उतरू देऊ नका. बुंधा सुटला की मुळाचा गड्डा सपकन परत खड्ड्यात बसतो.

नाशिक रोडहून: अंगणातल्या आंब्याच्या दोन फांद्या तारेला लागतात. शिडीवर चढून मीच कापू?

नाही. शिडीवर चेन सॉ नाही आणि खांद्याच्या वर तर कधीच नाही. तारेला लागलेली फांदी म्हणजे आधी महावितरणला फोन, पुरवठा बंद झाल्याची खात्री. शिवाय शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीबद्दलही महापालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारा. फांदी पडल्यावर खाली तिचे तुकडे करायला मशीन खुशाल काढा, पण चप्पल घालून नव्हे.