न दिलेल्या सेवेखाली सही करू नकोस

प्रश्न : ताई, मी जीएनएम नर्स आहे. पुण्याजवळच्या एका वृद्ध सेवा केंद्रात काम करते. रात्री आमच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली १८ माणसं आणि आम्ही दोघी, मी आणि एक मावशी. सगळ्यांची कूस वेळेवर बदलणं होतच नाही. तरी सकाळी इन्चार्ज सिस्टर ‘दर दोन तासांनी कूस बदलली’ असा तक्ता माझ्याकडून एका बैठकीत भरून घेतात. डायपर कमी लागावेत म्हणून संध्याकाळनंतर पाणी जवळजवळ बंद असतं. एका आजींच्या माकडहाडावर खोल जखम झाली आहे. ‘इथे आल्या तेव्हाच होती’ असं त्यांच्या मुलाला सांगितलं गेलं. ते खोटं आहे. घर माझ्या पगारावर चालतं. बोलले तर नोकरी जाईल. काय करू?
– एक परिचारिका

उत्तर : तुझं पत्र वाचून आधी त्या आजींची काळजी वाटली आणि मग तुझी. उत्तरही त्याच क्रमाने देते.

आजींची जखम आजच डॉक्टरांना दाखव. किती लांब-रुंद, किती खोल, वास आहे का, स्राव आहे का, हे तारीख-वेळेसह नर्सिंग नोट्समध्ये लिही. माकडहाडावरचा भार काढून त्यांना कुशीवर ठेवायला लागा. एअर बेड असला तरी कूस बदलावी लागतेच, हे मावशींनाही समजावून सांग. बाकीच्यांच्या टाचा, खुबे, पाठ रोज बघ. लालसर भाग बोटाने दाबल्यावर फिकट होत नसेल, तर सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची (बेडसोर) सुरुवात झाली आहे असं समज. तिथे स्पिरिट-पावडर लावून चोळू नका. जुन्या सवयीने अजून बऱ्याच ठिकाणी चोळतात आणि त्याने कातडी आणखी दुखावते.

पाण्याची गोष्ट मला जखमेइतकीच गंभीर वाटते. म्हाताऱ्या माणसाला तहान नीट जाणवत नाही. पाणी कमी पडलं की लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, भ्रम हे सगळं मागोमाग येतं. मग त्या भ्रमात ओरडणाऱ्या माणसाला ‘त्रास देणारा पेशंट’ म्हणून झोपेचं औषध मागवलं जातं. डॉक्टरांनी पाणी मर्यादित ठेवायला सांगितलं नसेल, तर पाणी बंद करण्याचा अधिकार कोणत्याही इन्चार्जला नाही.

आता तुझ्या सहीबद्दल. तक्ता भरणं ही तुला कागदी औपचारिकता वाटत असेल, पण पुढची पाळी आणि डॉक्टर त्याच कागदावर विसंबून निर्णय घेतात. कूस बदलत असूनही जखम वाढते आहे असं कागद सांगू लागला, की उपचारच चुकीच्या दिशेला जातात. उद्या चौकशी झाली तर त्या ओळींखाली नाव तुझं असेल, सिस्टरांचं नाही. नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही तुझीच पणाला लागेल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७ वाचून ठेव : आजाराने किंवा दुर्बलतेने असहाय झालेल्या माणसाची शुश्रूषा करण्याचा करार करून ती जाणूनबुजून टाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून आजपासून जे केलंस तेच लिही. राहिलं तर ‘झालं नाही, कर्मचारी दोन’ असं त्या-त्या वेळी लिही. सकाळी एकदम भरायला सांगितलं तर शांतपणे नाही म्हण. भांडायची गरज नाही.

मग व्यवस्थापकांना पत्र दे आणि पोच घेतलेली प्रत स्वतःकडे ठेव. त्यात आरोप नकोत, हिशेब मांड. एकाची कूस बदलायला पाच मिनिटं धरली तरी १८ जणांना दीड तास लागतो. दोन तासांतला उरतो अर्धा तास, आणि त्यात डायपर, पाणी, औषधं, कोणाची उलटी, कोणाचा ताप. रात्री आणखी दोन माणसं मागा. मावशींनाही या मागणीत सोबत घे. कमी पगारात सर्वांत जड काम त्या करतात, आणि गोष्ट अंगाशी आली की पहिला बळी त्यांचाच जातो. पेशंटचे फोटो मात्र स्वतःच्या मोबाइलमध्ये काढू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच टाकू नकोस.

त्या मुलाला खरं कळलंच पाहिजे. डॉक्टरांनी किंवा व्यवस्थापकांनी सांगावं, असं त्याच पत्रात लिही. त्यांनी टाळलं आणि मुलाने तुला विचारलं, तर खोटं बोलू नकोस. ‘जखम इथे झाली, नोट्स बघायला मागा’ एवढं पुरे. पत्रानंतरही काही हललं नाही, तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर थेट ११२ लाव.

नोकरी जाईल ही भीती खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पगारावर घर असलेल्या मुलीला ‘राजीनामा फेक’ म्हणणं सोपं असतं, मी ते म्हणणार नाही. पत्र द्यायच्या आधी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, नोंदणीची कागदपत्रं घरी नीट ठेव आणि दुसरीकडे अर्ज करायला आत्ताच लाग. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा केलेल्या नर्सची गरज हॉस्पिटलांना आहे आणि घरोघरीही आहे. पण नवी जागा मिळेपर्यंत थांबून मग खरं लिहीन असं ठरवू नकोस. अर्ज चालू राहू देत, नोट्स आजच्या पाळीपासून खऱ्या लिही.