पाच एकर कोरडवाहू वावर आणि पगार असताना शेअर, रोखे आणि सोन्यात किती टक्के ठेवावेत?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३४, यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. एनपीएस या पेन्शन योजनेत ९ लाख, बँकेत ६ लाखांची एफडी, वाट्याला आलेलं ५ एकर कोरडवाहू वावर (मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला दिलेलं), तिकडचा भाव एकरी १० लाख. मुलगी ५ वर्षांची. महिन्याला १५ हजार शिल्लक राहतात. पंधरा-वीस वर्षांच्या हिशेबाने शेअर, रोखे (ठरलेलं व्याज देणारे कर्जाचे कागद) आणि सोनं यांची टक्केवारी काय असावी, आणि शेजारचं २ एकर विकायला निघालंय ते घ्यावं का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही आणि कोणाचा फंडही विकत नाही. पण कापसाचे चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे) माझ्या टेबलावरून जातात आणि तो पैसा पुढे कुठे मुरतो तेही दिसतं. बहुतेकांचा परत जमिनीत, नाहीतर तालुक्याच्या रस्त्यावरच्या प्लॉटात.

तुमच्या यादीत वावर वेगळं ठेवलंय आणि पोर्टफोलिओ वेगळा. आधी ते एकत्र मांडा. वावर ५० लाख, एनपीएस ९, एफडी ६. पासष्टातले पन्नास म्हणजे ७७ टक्के एकाच शिवारात. शंभरातून वय वजा करून उरेल तेवढे टक्के शेअरमध्ये, हे जे सूत्र तुम्ही वाचलंय ते पुण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या नोकरदाराला चालेल. त्या सूत्राला तुमचं वावर माहीतच नाही.

म्हणून मी टक्केवारीच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारतो: यंदा जुलैत पावसाने महिनाभर दडी मारली आणि दिवाळीला भाव पडले, तर तुमच्याकडचं काय काय एकदम खाली येईल? वावराचं उत्पन्न तर येईलच. तालुक्याच्या ठिकाणी घेतलेला प्लॉटही अडकेल, कारण त्याचा पुढचा गिऱ्हाईक कास्तकारच असतो. पतसंस्थेतली ठेवही त्याच माळेत येते. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून लोक तिथे ठेवतात, पण तिचं कर्ज ज्यांच्याकडे आहे ते याच शिवारातले. पीक बुडालं की वसुली थांबते. शिवाय बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. हा फरक गावात फार थोड्यांना माहीत असतो. तेव्हा वावर, प्लॉट आणि पतसंस्था अशा तीन ठिकाणी पैसे ठेवले तरी जोखीम एकच.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची पऱ्हाटी पोखरली तेव्हा हे दिसलं. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात माल चार हजारांच्या आसपास जात होता, तेव्हाही दिसलं. ज्यांचं सगळंच गावात होतं त्यांना हात पसरावा लागला.

तुमच्यापुरती चांगली गोष्ट अशी की तुमचा पगार पावसावर नाही. दर महिन्याला येणारा सरकारी पगार हा एका अर्थी मोठा रोखाच समजा. त्यामुळे शेअर बाजाराचा चढउतार तुम्ही निव्वळ कास्तकारापेक्षा जास्त झेलू शकता. आणि तो झेलावा असंच माझं मत आहे, कारण निफ्टी ५० या निर्देशांकातल्या पन्नास कंपन्यांची बँकिंग, सॉफ्टवेअर, औषधं, सिमेंट अशी कमाई आपल्या तालुक्याच्या पावसावर चालत नाही. तुमच्या जमाखर्चात हीच गोष्ट कमी आहे.

आता आकडे. ६ लाखांच्या एफडीतले ३ लाख हलवू नका. त्यात काही महिन्यांचा घरखर्च आणि, मक्तेदाराने वावर सोडलंच तर, एका हंगामाची लागवड बसली पाहिजे; पाच एकराचं बी, खत, निंदण, फवारणी आणि वेचणी धरली की लाख-सव्वा लाख सहज जातात. हे पैसे बँकेतच, दोन-तीन एफडी करून, म्हणजे जूनमध्ये एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं. यांना गुंतवणुकीच्या टक्केवारीत धरायचंच नाही.

महिन्याच्या १५ हजारांतले १० हजार शेअरमध्ये, ३ हजार मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात, २ हजार सोन्यात. दोन-तृतीयांश शेअरमध्ये म्हटल्यावर घरचे दचकतील. पण एनपीएस मोजा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के तुमचे कापले जातात, १४ टक्के सरकार घालतं. मूळ पगार आणि भत्ता मिळून ६० हजार असतील तर दर महिन्याला १४,४०० रुपये तिकडे जातात, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरावीक योजनेत त्यातला बराच मोठा हिस्सा सरकारी रोखे आणि कंपन्यांच्या कर्जरोख्यांत असतो. म्हणजे महिन्याला एकूण २९,४०० गुंतताहेत आणि त्यात तुम्ही स्वतःहून शेअरमध्ये घातलेले १० हजार हे एक-तृतीयांशच. रोख्यांची बाजू तुमच्या नकळत भरत चाललीय. पगारातून कापली जाणारी मनीबॅक पॉलिसी असेल (शिक्षकांच्या गळ्यात ती पडलेली असतेच) तर तिलाही कमी परताव्याचा रोखाच समजा, आणि विम्यासाठी वेगळा टर्म प्लॅन (निव्वळ विमा, बचत नाही) घ्या.

सुकन्याबद्दल दोन शब्द. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडावं लागतं, वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात, पैसे १५ वर्षं भरायचे आणि मुदत २१ वर्षांची. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती २६ व्या वर्षी संपेल, पण अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढता येते. जानेवारी २०२४ ला दर ८.२ टक्के झाला. दर तिमाहीला सरकार तो ठरवतं. पीपीएफ एप्रिल २०२० ला ७.१ वर आला. मुलगी असताना पीपीएफमध्ये आधी पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

शेअरच्या १० हजारांत फार डोकं घालू नका. ७ हजार निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड (त्या निर्देशांकातल्याच कंपन्या घेणारा), डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नाही. ३ हजार परदेशी निर्देशांकाच्या फंडात, तोही तेव्हा नवे पैसे घेत असेल तर, कारण परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे यातले काही फंड मधूनच दार लावून घेतात. बंद असेल तर तेही निफ्टीत. परदेशी कशाला, असं विचाराल. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीला ३८,९१५ वर होता. तो आकडा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी लागला. आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण एका देशावर सगळी भिस्त नको.

आणि भारतातही पडझड काय असते ते आकड्यांत बघून ठेवा, नाहीतर पहिल्या वर्षीच पळ काढाल. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २०,८७३ वर बंद झाला होता, मार्च २००९ मध्ये ८,१६० वर. शंभराचे एकोणचाळीस. २०१० च्या दिवाळीला तो पुन्हा २१ हजारांना टेकला, पण तिथून टिकून वर सरकायला २०१३ संपत आलं. ज्यांना २०११ मध्ये पोरीचं लग्न करायचं होतं त्यांचं काय झालं असेल, विचार करा. म्हणून सात वर्षांच्या आत लागणारा एक रुपयाही शेअरमध्ये नको, मग कोणी कितीही सांगो.

आपल्या लोकांना भाव पडलेला सहन होत नाही असं शहरातले म्हणतात. मला ते पटत नाही. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल म्हणून लोकांनी घरातली खोली छतापर्यंत कापसाने भरली, पोरांच्या अंगाला त्याच्या किड्यांनी खाज सुटली, तरी उन्हाळ्यापर्यंत काढला नाही. शेवटी बऱ्याच जणांना सात-साडेसात हजारांनी द्यावा लागला. त्यातलेच काही जण म्युच्युअल फंड दहा टक्के खाली आला की दुसऱ्या दिवशी काढून घेतात. थांबायची ताकद आहे, पण ती कुठे लावायची त्याचा मेळ नाही. घरात ठेवलेल्या कापसाचं वजन घटतं आणि पिवळा पडतो. इंडेक्स फंडातल्या कंपन्या तुम्ही थांबलात त्या काळात धंदा करत असतात.

सोनं मी एकूण गुंतवणुकीच्या दहा-बारा टक्क्यांवर नेत नाही. ते व्याज देत नाही आणि वर्षानुवर्षं झोपतंही: २०१२ च्या सुमाराला तोळा एकतीस हजारांच्या घरात होता, २०१५ मध्ये पंचवीस-सव्वीस हजारांवर आला. गेल्या काही वर्षांतली चढण बघून आज सगळे सोन्याचं नाव घेताहेत, तेव्हा हा आकडा मुद्दाम दिला. पण बाजार घाबरतो तेव्हा ते बरेचदा धरून राहतं, म्हणून थोडं असावं. घ्यायचं तर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात मिळणारा सोन्याचा फंड) किंवा त्याचा फंड. सरकारी सुवर्ण रोखे सगळ्यात बरे होते, वर अडीच टक्के व्याज मिळायचं, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे निघाले नाहीत. वहिनींचे दागिने यात धरू नका. ते कोणी विकत नाही, घडणावळ परत मिळत नाही. अडीनडीला जूनमध्ये बँकेत गहाण पडतात तेवढाच त्यांचा उपयोग, आणि वरचे ३ लाख बाजूला असतील तर तीही वेळ यायला नको.

आता शेजारचं २ एकर. वावराला वावर लागून मिळणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. धुरा (मधला बांध) मोडतो, विहिरीचं पाणी पुढे जातं, आणि एकदा दुसऱ्याने घेतलं की आपल्या आयुष्यात परत निघत नाही. स्वतः कसायचं असेल आणि कर्ज न काढता जमत असेल तर मी कोणाला अडवणार नाही. पण तुम्ही शाळेवर, वावर मक्त्याने दिलेलं. आमच्याकडे कोरडवाहू जमिनीचा मक्ता एकरी पंधरा हजारांच्या आसपास मिळतो. दहा लाखांवर पंधरा हजार म्हणजे दीड टक्का. बाकी सगळी भिस्त भाव वाढण्यावर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि शहराच्या हद्दीपासून लांबची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावरही कर लागत नाही, हे खरं. पण मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी पाऊण एकर तोडून विकणं सोपं नसतं, आणि विकायला निघालात की सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाची सही लागते. ७७ टक्के आधीच तिथे असताना वीस लाखांचं कर्ज काढून आणखी त्याच शिवारात घालू नका, एवढं स्पष्ट सांगतो.

एफडीतले उरलेले ३ लाख एकदम घालू नका. गणिताने एकदम घालणं बरेचदा फायद्याचं ठरतं, पण पहिल्याच वर्षी २० टक्के खाली गेलं तर घरात जे महाभारत होईल त्यात सगळी योजना बुडेल. तोवर ते एखाद्या लिक्विड फंडात (थोड्या दिवसांच्या कर्जकागदांच्या फंडात) ठेवायच्या भानगडीतही पडू नका. २५ हजार महिन्याला असं वर्षभर टाका. त्याच २ : १ च्या बेताने, दोन लाख शेअरमध्ये, बाकीचे सुकन्या आणि सोन्यात.

वर्षातून एकदा वाटणी नीट करायची. मी गुढीपाडवा धरलाय. सालगड्याचा करार पाडव्याला होतो, तोवर कापूस-तूर विकून झालेली असते, हातात वर्षाचा हिशेब असतो. त्या दिवशी एनपीएस, सुकन्या, शेअर, सोनं एका कागदावर लिहायचं. ठरवलेल्या टक्क्यांपेक्षा पाच-सात इकडेतिकडे असेल तर हात लावायचा नाही. दहाच्या पुढे फरक गेला तर आधी नवे पैसे कमी पडलेल्या बाजूला वळवायचे, मक्त्याचे पैसे त्याच सुमाराला आलेले असतात, ते यालाच लावा. तेवढ्याने भागलं नाही तरच वाढलेलं विकायचं. शेअर फंड वर्षभराच्या वर ठेवून विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना पगार नाही, सगळं वावरावरच आहे, त्यांनी हे आकडे उचलू नयेत. त्यांनी आधी दोन हंगामांचा खर्च बँकेत ठेवावा, एसआयपीच्या मासिक हप्त्याचं ओझं घेऊ नये, आणि चुकारा आला की त्यातला वाटा वर्षातून एकदोनदा टाकावा. शेअर तीस-चाळीस टक्के पुरेत.

तुमच्याकडून एक माहिती हवीय. एनपीएसच्या उताऱ्यावर योजनेचं नाव काय लिहिलंय आणि शेअरचा हिस्सा किती दाखवलाय, ते कळवा. तुम्ही मधे कधी पर्याय बदलून जास्त शेअरचा निवडला असेल तर १० हजारांचे ७ हजार करायला सांगेन आणि ते ३ हजार सुकन्यात घालायला.