वाचकांचे प्रश्न : स्पॉटची ओळ कुठे तुटते?

प्रश्न : हॅम (हौशी) रेडिओ क्लबसाठी डीएक्स क्लस्टरचे (दूरची स्टेशनं ऐकू आल्याची खबर हॅम एकमेकांना देतात ते जाळं) स्पॉट, म्हणजे त्या एकेका ओळीच्या खबरा, टेलनेटवरून (साध्या मजकुराच्या जोडणीवरून) वाचणारा प्रोग्राम लिहिलाय. क्यूओ-१०० उपग्रहाच्या काही स्पॉटना फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात कोलन येतो. पहाटे साडेपाचनंतर काही स्पॉट येणाऱ्या रात्रीचे दिसतात. चूक कुठे?

उत्तर : तुम्ही ओळ स्तंभ, म्हणजे अक्षरांच्या जागा, मोजून कापताय. ही ओळ पडद्यावर माणसाने वाचावी म्हणून आखलेली : सातव्या स्तंभापासून स्पॉट देणाऱ्याचं कॉलसाइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव), फ्रिक्वेन्सी २४ व्या स्तंभात संपते, २७ पासून दिसलेलं स्टेशन, ४० पासून शेरा, ७१ पासून वेळ. म्हणजे पहिल्या दोन गोष्टींना मिळून १८ जागा. सहा अक्षरी कॉलसाइन, पुढे पोर्टेबलची (फिरत्या स्टेशनची) ‘/P’ ही दोन चिन्हं आणि कोलन, झाल्या नऊ. उपग्रहाच्या १०४८९६००.० या (किलोहर्ट्झमधल्या) फ्रिक्वेन्सीला दहा. एकूण १९! मग नोडच्या (क्लस्टरच्या सर्व्हरच्या) स्वभावाप्रमाणे नाव छाटलं जातं, नाहीतर पुढचं सगळं एक घर सरकतं. तेव्हा पहिल्या कोलनपर्यंत नाव, त्यानंतरचा आकडा फ्रिक्वेन्सी, पुढचा शब्द कॉलसाइन, अशा क्रमाने वाचा. तिरक्या रेघेच्या आधीचा भाग उडवू नका. ‘व्हीयू४/’ हा प्रदेशाचा उपसर्ग गेला की अंदमान गेलं.

तारखेचं कारण सोपं आहे. ओळीत फक्त तास-मिनिटं असतात, तीही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे ५.३० ला बदलतो. २३५८ चा स्पॉट ०००३ ला पोचला आणि तुम्ही आजची तारीख चिकटवली, की तो जवळजवळ चोवीस तास पुढे जातो. वेळ आत्तापेक्षा तासाभराहून पुढची निघाली तर एक दिवस वजा करा.

प्रश्न : आमच्या चार नोडांसाठी स्वतःचा संदेश आखायचा आहे. शेरा मराठीत चालेल का?

उत्तर : आवृत्ती, अजून किती नोड ओलांडायचे तो आकडा, मूळ नोड, अनुक्रमांक, पूर्ण तारीख-वेळ, फ्रिक्वेन्सी, स्टेशन, स्पॉट देणारा, मोड (बोलणं, मोर्स वगैरे) आणि सर्वांत शेवटी शेरा : दहा रकाने, मध्ये विभाजक चिन्ह. तोडताना पहिल्या नऊच विभाजकांवर तोडा. शेऱ्यात कोणी तेच चिन्ह टाईप केलं तरी बिघडत नाही. फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये, पूर्णांकात ठेवा. दशांश अपूर्णांकांची तुलना करताना एकच स्पॉट दोन ठरू शकतो.

क्लस्टरचे नोड एकमेकांना पाठवतात त्या संदेशात किती नोड ओलांडायचे याचा आकडा असतो. तो तुम्हीही ठेवा, पण त्यावर विसंबू नका : त्याने संदेश अनंतकाळ फिरत नाही इतकंच, दोन वाटांनी आलेली दुसरी प्रत त्याने थांबत नाही. ती मूळ नोड आणि अनुक्रमांकाच्या जोडीवरून ओळखायची. नोड पुन्हा सुरू झाल्यावर अनुक्रमांक एकपासून मोजू लागला, तर नवे स्पॉट जुने समजून फेकले जातील. शेवटचा आकडा डिस्कवर लिहून ठेवा.

मराठी चालेल, पण मर्यादा बाइटमध्ये मोजा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. ‘पुणे’ म्हणजे १२. तीस बाइटांवर आंधळेपणाने कापलं तर मध्ये एखादी मोकळी जागा असली की तिच्या एका बाइटमुळे चिन्ह अर्धवट तुटतं आणि शेवटी चौकोन उमटतो. शेऱ्याला ९० बाइट द्या, आणि कापायचंच झालं तर पूर्ण चिन्हाच्या हद्दीवर.