आधी तिला गाव पुरं करू दे

‘आमची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महापुरानंतर गावातल्या माणसांचे फोटो काढायचा नाद लागला, आता आयुष्यभर हेच करणार म्हणते. लग्नाच्या ऑर्डरी घेणारे फोटोग्राफर आम्हाला माहीत आहेत, पण हिला ते नको. सव्वा लाखाचा कॅमेरा मागतेय. घेऊन द्यावा का?’
– एक पालक, शिरोळ तालुका

नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेले एकोणीस फोटो टेबलावर मांडून दोन दिवस बघत होतो. एकात अंगणातल्या दोरीवर रेशनकार्डं आणि पासबुकं चिमटे लावून वाळत घातलीत. शेजारी आजी उभ्या आहेत आणि मागच्या भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांच्या खांद्याच्या वर जाते. पाठीमागे तारीख आहे, ऑगस्ट २०२१. दुसरा फोटो त्याच आजींचा, त्याच भिंतीपुढे, दोन वर्षांनंतरचा. भिंतीला नवा रंग दिलाय, पण रेघेची पट्टी तेवढी मुद्दाम कोरी सोडलीय.

दोन वर्षांनी त्याच दारात परत जायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. या कामाचं मर्म तेच आहे, म्हणून तिचा नाद मी गंभीरपणे घेतो.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोन वर्षांत पुन्हा आलं. तेव्हा बोटी आणि बुडालेली छपरं टिपायला बाहेरून पुष्कळ कॅमेरे आले. पाणी ओसरल्यावर गाळ कुणी उपसला, पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या कामाला हात लावून, कुणाच्या भिंती उभ्या राहिल्या, बचत गटाचं शेवयाचं मशीन पुन्हा कधी फिरलं, हे टिपायला गावातलंच माणूस लागतं. त्या घरांतून तिला चहा मिळतो, हे तिचं भांडवल आहे. ते सव्वा लाखात मिळत नाही.

म्हणून कॅमेरा आत्ता घेऊ नका. मामांचा जुना कॅमेरा चालतोय तोवर चालू दे. फार तर ५० एमएमची साधी लेन्स घ्या, माणसांच्या फोटोंना ती पुरते. उरलेल्या पैशातले थोडे प्रिंटवर खर्च करा. पुरात कितीतरी घरांतले लग्नाचे अल्बम चिकटून गेले. ज्याचा फोटो काढला, त्याच्या घरी तिनं प्रिंट नेऊन द्यावी. नव्या घरातला तो पहिला फोटो असेल.

हे मी आग्रहानं सांगतोय, त्याला कारण आहे. १९३६ मध्ये अमेरिकेत डोरोथिया लँग यांनी मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ नावानं तो जगभर गेला. लँग यांनी त्या बाईंचं नावही विचारलं नव्हतं. त्या होत्या फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. १९७८ मध्ये त्यांनी बोलून दाखवलं की त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही. म्हणून तुमच्या मुलीनं वहीत नाव, तारीख आणि त्या माणसाचे दोन शब्द लिहावेत, आणि फोटो कुठे जाणार हे आधी सांगावं.

आता पोटाचं. या कामावर सुरुवातीची काही वर्षं घर चालत नाही. लग्नाच्या हंगामात एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली काम करायला तिनं कमीपणा मानू नये. कमी उजेडात, घाईत हात तिथेच बसतो. सामाजिक संस्थांना आपल्या कामाचे फोटो आणि व्हिडिओ लागतात, त्यासाठी आवाज रेकॉर्ड करणं, मुलाखत घेणं, मराठीत नीट मजकूर लिहिणं शिकावं. ग्रामीण भारतावरचं ‘पारी’ हे संकेतस्थळ २०१४ मध्ये सुरू झालं, त्यावर मराठीतही मजकूर आहे. तिथल्या फोटोकथा तिनं वाचाव्यात. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं केलेलं कामही बघावं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बी.ए. मात्र सोडू देऊ नका. पदवीनंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसमध्ये फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याला प्रवेश परीक्षा आहे. तिथे किंवा कुठेही मुलाखतीला जाताना दहा गावांतले सुटे फोटो नेण्यापेक्षा एका गावाची पूर्ण गोष्ट नेलेली बरी. अजून तिच्या फोटोंत पुरुष फार कमी आहेत, आणि गाव सोडून गेलेली घरं नाहीतच. वर्षभर तेवढं काम तिला पुरेल.

फोटो परत पाठवतोय. दोरीवरच्या त्या फोटोत कार्डांवरचे नंबर स्पष्ट वाचता येतात. तो कुणाला छापायला देण्याआधी नंबर झाकायला सांगा, आणि आजींना एकदा विचारून यायला सांगा.