हायवेला काटा शांत, सिग्नलला लाल: हेड उघडायच्या आधी फॅन बघा

हायवेला टेम्परेचरचा काटा निम्म्यावर, वाकडच्या चौकात दहा मिनिटं अडकलं की लाल रेषेपाशी, आणि आता सर्व्हिसवाल्यांनी हेड गॅस्केटचं (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) एस्टिमेट हातात ठेवलंय, हे तुमचं वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. एस्टिमेटवर सही केली नसेल तर प्लीज थांबा.

कूलंटची लेव्हल, गळती, होजपाइप हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही. मुद्दा एवढाच की गाडी ऐंशीने पळत असते तेव्हा रेडिएटरला वारा फुकट मिळतो, फॅन मेलेला असला तरी कोणाला कळत नाही. उभ्या गाडीला वारा देणारा एकटा फॅनच. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बंद राहून अडकला असेल किंवा रेडिएटर आतून चोक असेल तर गाडी खंबाटकीच्या चढालाही तापणार, उलट तिथे जास्तच. तुमची तिथे तापत नाही. आणि तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात ना की सिग्नलला एसी पण गार हवा देईनासा होतो, अहो तिथेच तर उत्तर आहे! एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि बहुतेक छोट्या गाड्यांत दोघांना वारा त्याच फॅनचा.

माझ्या केसमध्ये ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटर होतं, नाव घेत नाही. त्यांनी गाडी बायपासला चक्कर मारून आणली, तिथे काटा अर्थातच शांत, आणि जॉब कार्डवर लिहिलं 'समस्या आढळली नाही'. मी म्हणतोय ट्रॅफिकमध्ये तापते, हे चालवतात मोकळ्या रस्त्यावर. पुढच्या वेळी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप, मग 'सर, हेड गॅस्केटच असणार'. हेड उतरवलं, फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवलं, आठवडाभर गाडी तिथे, बिल असं की घरी सांगायची सोय नाही, आणि गाडी घेऊन निघालो तर नळ स्टॉपला काटा परत वर! जुनं गॅस्केट दाखवा म्हटलं तर स्क्रॅपला गेलं म्हणे. या सगळ्यात एकही माणूस बॉनेट उघडून, एसी लावून, वीस मिनिटं गाडीपाशी उभा राहिला नाही, कारण त्याचं लेबर लावता येत नाही ना. शेवटी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी चालू ठेवून फॅनच्या मोटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं आणि फॅन फिरायला लागला. मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेले. थंड असताना फिरायचा, गरम झाला की कधी उचलायचा कधी नाही, म्हणून कॉम्प्युटरवर एरर कोडही येत नव्हता. नवे कार्बन टाकले, विषय संपला.

मी मेकॅनिक नाही, गाडीगाडीत फरक असतो, तेव्हा खालचं आपापल्या जबाबदारीवर. गाडी उभी करून एसी लावा, फॅन थोड्या वेळात लागलाच पाहिजे. नाही लागला तर फ्यूज आणि रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा, रिलेवर सेम नंबर असलेला दुसरा रिले बॉक्समध्ये असेल तर अदलाबदल करून बघता येते. तरी नाही तर इलेक्ट्रिशियनला मोटरला डायरेक्ट १२ व्होल्ट द्यायला सांगा. डायरेक्टवर फिरला म्हणजे मोटर बहुतेक ठीक, दोष वायरिंग, सेन्सर किंवा रेझिस्टरमध्ये (लो स्पीडसाठी करंट कमी करणारा पार्ट). पण हे गाडी गरम असतानाच करून घ्या, माझ्यासारखी मोटर थंडीत पास होते. रेझिस्टर गेला असेल तर लो स्पीड मरतो आणि फॅन एकदम हाय स्पीडलाच लागतो, तेही काटा चढल्यावर. कोणी लोकल मोटर बसवली असेल तर ग्रिलसमोर कागद धरा, आत ओढला गेला पाहिजे, कारण वायर उलट्या जोडल्या तर फॅन उलटा फिरतो. असं होतं, हसू नका. आणि फॅनजवळ हात नको, काही गाड्यांत तो इंजिन बंद केल्यावरही अचानक लागतो.

'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. इंजिन टेम्परेचरला यायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दोष तसाच राहतो. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट मात्र टॉर्च मारून बघा, तिथे धूळ आणि किडे यांचा थर बसतो. धुताना प्रेशर वॉशर लांब ठेवा, फिन्स वाकतात.

सेंटरला परत जाणारच असाल तर जॉब कार्डवर स्वतःच्या शब्दात लिहायला लावा: 'एसी चालू, गाडी जागेवर वीस मिनिटं, फॅनचे दोन्ही स्पीड तपासणे', आणि स्वतः समोर उभे राहा, सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर चहा प्या म्हणेल, पिऊ नका. शक्य असेल तर ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचा) घ्या, मोबाईलवर कूलंटचं टेम्परेचर आकड्यात दिसतं, काट्यावर काय भरवसा, बऱ्याच गाड्यांत तो बराच वेळ मध्यावरच बसून राहतो.

फॅन दोन्ही स्पीडला नीट फिरतोय आणि तरी तापतेय असं निघालं तर आधी रेडिएटर कॅप बदला, ती साधारण १ बार प्रेशर धरते म्हणून कूलंट १०० डिग्रीला उकळत नाही. त्यानंतर ब्लॉक टेस्ट, म्हणजे इंजिनातला जळलेला गॅस कूलंटमध्ये शिरतोय का ते निळ्या लिक्विडने बघतात. लिक्विडचा रंग बदलला तरच हेडला हात लावू द्या.