डीएसएलआरला हेडफोनचा जॅक नसेल तर शूट चालू असताना आवाज कसा तपासायचा?

तुमच्या कॅमेऱ्याला बाहेरचा माईक लावता येतो, पण हेडफोनचा जॅक नाही. म्हणून माईकच्या वायरला वाय-केबल लावून एक टोक कॅमेऱ्याला आणि एक हेडफोनला दिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. माईकचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, तेवढ्यावर हेडफोन वाजत नाही. खरं नुकसान तर दुसऱ्या टोकाला होतं. हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, बहुतेक वेळा 32 ओहमच्या आसपास असतो, कॅमेऱ्याच्या माईक इनपुटचा त्याच्या कितीतरी पट. दोन्ही एकत्र जोडले की हेडफोनचा भार माईकवर पडतो आणि कॅमेऱ्याकडे जाणारा आवाजही खाली बसतो. कॉलर माईकला कॅमेऱ्याकडून त्याच वायरीतून जी थोडीशी वीज मिळते तीही हेडफोनकडे वळते, त्यामुळे तो जवळजवळ मुकाच होतो.

मी सुचवेन तो मार्ग म्हणजे मध्ये एक छोटा रेकॉर्डर घ्या. झूम एच1एन किंवा टॅस्कॅम डीआर-60डी यांसारखा कुठलाही. माईक रेकॉर्डरला लावायचा, हेडफोन रेकॉर्डरला लावायचे, मुख्य रेकॉर्डिंग तिथेच करायचं. कॅमेऱ्याचा आवाज फक्त जुळवणीपुरता. सुरुवातीला एक टाळी वाजवली की एडिटिंगला दोन्ही ट्रॅक बसतात. रेकॉर्डरमधून कॅमेऱ्यालाही आवाज देणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हेडफोनमध्ये तुम्ही ऐकताय तो रेकॉर्डरचा आवाज, कॅमेऱ्याचा नाही. रेकॉर्डरचा लाइन आउट (बाहेर आवाज देणारा जॅक) माईकच्या मानाने फार जोरकस असतो. तो थेट माईक इनपुटमध्ये गेला की कॅमेऱ्यात आवाज फाटतो आणि तुमच्या कानाला मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत राहतं. रेकॉर्डरचं आउटपुट कमी करा किंवा पॅड असलेली, म्हणजे सिग्नल कमी करणारी केबल वापरा, आणि अर्ध्या मिनिटाची क्लिप घेऊन ती कॅमेऱ्यातूनच वाजवून बघा.

कॅमेऱ्याला स्वतःचा जॅक असण्याचं मोल इथेच आहे. कॅनन 5डी मार्क 3 आणि निकॉन डी800 या दोन्ही 2012 च्या कॅमेऱ्यांना तो मिळाला, पुढे कॅनन 80डी सारख्या मधल्या श्रेणीतही आला. तिथे तुम्ही कॅमेऱ्याच्या प्रीॲम्पमधून (माईकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागातून) गेलेला आवाज ऐकता, त्याची सरसर धरून. जुन्या काही कॅननवर मॅजिक लँटर्न हे मोफत सॉफ्टवेअर टाकून एव्ही आउटमधून ऐकता येतं आणि स्क्रीनवर मीटरही दिसतो; पण ते कंपनीचं नाही, जबाबदारी तुमची. एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर जोडलात तर त्याच्या हेडफोन जॅकवरही ऐकता येतं, फक्त कॅमेरा एचडीएमआयमधून आवाज सोडतो का ते आधी पाहा. आवाज किंचित उशिरा येईल, रेकॉर्डिंगमध्ये तो उशीर नसतो.

मीटर असला की पुरे, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मीटर आवाज किती आहे ते दाखवतो, कसला आहे ते नाही. समोरचा माणूस बोलतोय, पट्टी -12 डेसिबलच्या आसपास छान नाचतेय, आणि प्रत्येक श्वासाला कॉलर माईकवर शर्टाची कड घासतेय: खर्र, खर्र. मीटरला त्यातलं काही कळत नाही. हेडफोन असले की पहिल्याच वाक्याला तुम्ही हात वर करून थांबवता आणि माईक दोन बोटं वर सरकवता. पंख्याची घरघर आणि सैल जॅकची कुरकुर हेही कानालाच कळतं. हल्लीच्या 32-बिट फ्लोट रेकॉर्डरमध्ये पातळी चुकली तरी बहुतेक वेळा सावरता येते. घासलेला माईक तिथेही सावरत नाही.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, वायरचे घ्या. सोनी एमडीआर-7506 वर्षानुवर्षं याच कामाला वापरले जातात. ब्लूटूथ नको, आवाज मागे पडतो. नॉइज कॅन्सलिंग असेल तर बंदच ठेवा. हेडफोनचा व्हॉल्यूम एकदा ठरवला की हलवू नका. तो वाढवला म्हणून रेकॉर्डिंग वाढत नाही, पण तसा भास मात्र नक्की होतो.

कॅमेऱ्यातला ऑटो गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय, शक्य असेल तर बंद करा. बोलणारा थांबला की तो गेन चढवत नेतो आणि खोलीची सगळी गूंज वर येते. मॅन्युअलवर सर्वात मोठा आवाज -12 ते -6 डेसिबलच्या दरम्यान राहील असं लावा. काही मॉडेलवर मीटर फक्त मेनूत दिसतो, रेकॉर्ड दाबलं की जातो, त्यामुळे पातळी आधीच ठरवावी लागते.

कॅमेऱ्याचं नेमकं मॉडेल आणि माईक कोणता ते प्रश्नात लिहा. मग मॅजिक लँटर्न किंवा एचडीएमआयने काम भागेल की रेकॉर्डरच घ्यावा लागेल, ते सांगता येईल.