पाळणाघराची फी एकट्या आईच्या पगारातून का वजा करायची?

चिंचवडहून एका ताईंनी लिहिलंय. वय 31. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, अकाउंट्समध्ये चार वर्षं एक महिना झाला. मूळ पगार 20,000, एकूण 40,000, हातात 37,400. नवऱ्याच्या हातात 61,000. बाळंतपणाची रजा संपत आलीये, बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. पाळणाघराचे 11,000, उशिरा नेलं तर वरचे हजार, येण्याजाण्याचे अडीच हजार, पोळ्यांच्या बाईचे तीन हजार. सासूबाई म्हणतात, "सगळा पगार पाळणाघराच्या घशात घालण्यापेक्षा तीन वर्षं घरी बस." नवरा म्हणतो, "तू ठरव." राजीनामा द्यावा का, असा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही पत्रासोबत पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो पाहिला. 37,400 मधून 17,500 वजा, खाली 19,900 आणि त्याभोवती दोनदा गोल. माझं पहिलं म्हणणं त्या वजाबाकीबद्दलच आहे. बाळ दोघांचं, मग फी एकट्या आईच्या पगारातून का? घराचं उत्पन्न 98,400 आहे. त्यातून 17,500 म्हणजे अठरा टक्क्यांच्याही आत. घराचा हप्ता 24,000 आहे, तो कुणी "नवऱ्याचा पगार हप्त्यातच जातो, त्यानं घरी बसावं" असा मांडत नाही. पाळणाघराची फीही तशीच, घराचा खर्च आहे.

आता जे वहीत आलंच नाही ते. तुमच्या पगारातून दरमहा 2,400 भविष्य निर्वाह निधीत (पीएफमध्ये) जातात. कंपनीही तेवढेच भरते, त्यातले 1,250 पेन्शन खात्याकडे वळतात आणि 1,150 तुमच्या निधीत. म्हणजे महिन्याला 3,550 तुमच्या नावावर साठतात. तीन वर्षं हे थांबलं तर आज नुकसान दीड लाखाच्या आत दिसेल. पण व्याज 8 टक्के धरलं तरी वयाच्या 58 व्या वर्षी हीच रक्कम नऊ लाखांच्या घरात गेली असती. पेन्शनसाठी दहा वर्षं सेवा भरावी लागते, तिथलीही तीन वर्षं मागे पडतात.

ग्रॅच्युइटीकडे, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी सेवेबद्दल देते त्या रकमेकडे, तर नीट बघा. तिला सलग पाच वर्षं लागतात आणि कायद्यानं मिळणारी 26 आठवड्यांची प्रसूती रजा सेवेतच धरली जाते. तुम्हाला अकरा महिने उरलेत. पाच वर्षं भरली तर आजच्या मूळ पगारावर सुमारे 57,700 रुपये होतात. आज राजीनामा दिलात तर त्या रकमेवर पाणी सोडावं लागेल.

सगळ्यात मोठा तोटा पगारवाढीचा. वर्षाला सात टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी तुमचे 40,000 चे 49,000 होतात. पाळणाघराची फी मात्र बाळ मोठं होईल तशी कमी होते, पुढे शाळा सुरू होते. हे मी ऐकीव सांगत नाही. 2009 साली मीही असाच हिशोब करून चार वर्षं घरी थांबले. पीएफ काढून कपाट आणि वॉशिंग मशीन घेतलं. परत गेले तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझा साहेब होता, आणि मला मिळालेला पगार सोडताना होता त्यापेक्षा कमी होता. ती चार वर्षं मला अजून भरून काढता आलेली नाहीत.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: तुमच्यानंतर वर्षभरानं लागलेल्या पुरुष सहकाऱ्याला त्याच कामाचे 46,000 मिळतात. ही ओळ शेवटी नको, वर हवी होती. वर्षाला 72,000 चा फरक आहे, म्हणजे पाळणाघराची साडेसहा महिन्यांची फी! मुळातच कमी दिलेला पगार धरून तुम्ही नोकरी परवडत नाही असं ठरवताय. एकाच किंवा सारख्या कामासाठी बाई म्हणून कमी पगार देता येत नाही, हा कायदा 1976 पासून आहे, आता तो 2019 च्या वेतन संहितेत आलाय. मुंबईतल्या ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफरनं मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ही लढाई सर्वोच्च न्यायालयात 1987 साली जिंकली. परवडत नाही ही कंपनीची सबब कोर्टानं मानली नाही. अर्थात अनुभव किंवा जबाबदारी वेगळी असेल तर पगारात फरक असू शकतो. म्हणून भांडण म्हणून नको. तुम्ही सांभाळता ती कामं एका कागदावर लिहा, त्या सहकाऱ्याचं नाव न घेता पगाराचा फेरविचार मागा, आणि तोंडी नको, ईमेलनं.

त्याच ईमेलमध्ये दुसरी गोष्ट विचारा. तुमच्या कंपनीत तीनशे माणसं आहेत. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. कंपनीनं जवळच्या पाळणाघराशी करार केला असेल तर अकरा हजारांचा प्रश्नच बदलतो. रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबद्दलही कायद्यात तरतूद आहे, कामाचं स्वरूप तसं असेल आणि कंपनी कबूल झाली तर. अकाउंट्सच्या कामात ते मागून बघण्यासारखं आहे.

माझं मत: राजीनामा नको, रुजू व्हा. निदान अकरा महिने. बाळाची तब्येत नाजूक असती किंवा तुम्हाला स्वतःला घरी थांबायचं असतं, तर मी वेगळं लिहिलं असतं. तो हिशोब पैशांचा नसतो आणि त्यात चूक काहीच नाही. पण "काम आवडतं, फक्त सकाळी पाय निघत नाही" असं तुम्हीच लिहिलंय. तरीही थांबायचंच ठरलं, तर पीएफला हात लावू नका, राजीनाम्याआधी स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी घ्या (कंपनीचा मेडिक्लेम नोकरी संपली की सहसा बंद होतो), आणि नवऱ्याच्या पगारातून दरमहा पाच हजार तुमच्या पीपीएफमध्ये (सरकारी बचत योजनेतल्या खात्यात) जातील असं आधी ठरवा. हप्ता आणि घरखर्च वजा जाता त्यांच्याकडे तीन हजारच उरतात, म्हणून हे आधीच दोघांनी कागदावर मांडा. "तू ठरव" एवढ्यानं भागणार नाही.

पाळणाघर बघायला सकाळी नका जाऊ, तेव्हा सगळं आवरलेलं असतं. दुपारी साडेबाराला, न कळवता जा. एका मावशीकडे किती तान्ही आहेत ते मोजा, दूध कुठे ठेवतात ते बघा, बाळ आजारी पडून घरी राहिलं तर त्या दिवसांची फी कापतात का ते विचारा. आणि नवऱ्याला सोबत न्या. संध्याकाळी बाळाला आणायला तेच जाऊ शकले, तर उशिराचे हजार रुपये वाचतील.